चिमणीला कसली बहीण?

माझी मावशी रागीट आहे. आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. आमच्या थिएटरच्या तिकीटखिडकीत ती बसायची, तेव्हा रांगेतली माणसं आपला नंबर यायच्या आत घसा साफ करून ठेवत. कुणी पुटपुटत तिकीट मागितलं की ती म्हणायची, "नाटक आत चाललंय. इथे नीट बोला." मोठमोठे लोक तिच्यापुढे नीट बोलायला शिकले. मी जन्मभर रंगमंचावर रागावण्याचं सोंग केलं, त्याला टाळ्याही मिळाल्या. पण राग मुळात कसा चढतो, कुठे थांबतो, कुठे आवाज खाली येतो, हे मी त्या खिडकीकडे बघून उचललं होतं.

खिडकीत बसण्याआधी, अगदी तरुणपणी, मावशी जहाजवाल्यांच्या बंगल्यात कामाला होती. बंगला गोदीच्या वरच्या टेकाडावर आहे. तो बांधणारा माणूस जहाजं बांधायचा, म्हणून घराण्याला जहाजवाले हेच नाव पडलं. आता घराण्यातलं कुणी तिथे राहत नाही. नातवाने बंगला एका संस्थेला दिला, संस्थेने रंगरंगोटी केली, दोऱ्या बांधल्या, पाट्या लावल्या आणि तिकीट ठेवलं. घराचं संग्रहालय झालं.

ही बातमी मीच मावशीला वाचून दाखवली. तिची नव्वदी जवळ आली आहे, गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र अजून गंज चढलेला नाही.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"बंगल्यात. आजवर मागच्या दाराने गेले. आता पुढच्याने जाते. आणि नटवे, तू ती चकाकणारी शाल घालू नकोस. लोक तुलाच संग्रहालयातली समजतील."

नटवी म्हणजे मी. शाल मी घातलीच.

घर सुंदर आहे, ते मान्य करायला हवं. जहाजवाल्याने घरसुद्धा जहाजासारखंच बांधलं. जिन्याचा कठडा गुळगुळीत, वळणावर हात ठेवला की आपोआप पुढे सरकावा असा. भोजनगृहाच्या छताला वाकवलेल्या तुळया, म्हणजे आपण एखाद्या उलट्या ठेवलेल्या नावेखाली बसलोय असं वाटावं. भिंतीवर त्याने बांधलेल्या जहाजांचे लाकडी नमुने, अर्धे अर्धे कापलेले. गोदीकडे एक गोल खिडकी. तिच्यातून तो सकाळी दाढी करता करता कामगार वेळेवर येतात की नाही ते बघायचा म्हणे. माणसाने जहाजं चांगली बांधली, त्यात वाद नाही. मी मनापासून वाहवा केली. मावशी म्हणाली, "कठड्याला तेल कोण लावायचं ते विचार."

आम्हाला घर दाखवणारा माहितीगार पन्नाशीचा, मिशा कातरलेला, हातात छडी. आवाज बरा होता, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक उसासा टाकायची खोड होती. अशा नटांबरोबर मी काम केलंय. पाठांतर पक्कं असतं, पण मध्ये कुणी शिंकलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावं लागतं. तरी माणूस मेहनती होता. आमच्यासारख्या म्हाताऱ्या बायकांसाठी जिन्यावर थांबत होता, हे त्याचं श्रेय त्याला देते.

सगळ्यात शेवटी त्याने आम्हाला खाली स्वयंपाकघरात नेलं. चूल, पितळी भांडी, कपबशांचं कपाट. मधोमध एप्रन घातलेला एक पुतळा, पाठमोरा. "पाठमोरा का?" आमच्या गटातल्या एका बाईने विचारलं. "कलात्मक," माहितीगार म्हणाला. मावशी माझ्या कानात म्हणाली, "चेहरा करायचे कष्ट वाचवले मेल्यांनी."

भिंतीवर एका म्हातारीचा फोटो होता आणि फोटोखाली पाटी. माहितीगाराने छडी टेकली, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"ही चिमणी. लहान वयात या घरात आली आणि सात दशकं हिने घराची सेवा केली. लग्न केलं नाही, सुट्टी मागितली नाही, शेवटी याच घरातल्या खाटेवर डोळे मिटले. दार उघडं होतं, आभाळ मोकळं होतं..." इथे उसासा. "पण ही चिमणी कधी उडाली नाही."

बायकांनी च्यक् च्यक् केलं. एका गृहस्थांनी चष्मा पुसला. आणि माझ्या शेजारून तिकीटखिडकीतला आवाज आला.

"सात दशकं? पाळण्यात पडून भांडी घासायची का ती?"

माहितीगाराने डोळे उघडले. "ही चिमणी," तो पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, "लहान वयात या घरात आली..."

"एक नव्हती. तिघी होतो. हा फोटो तिसरीचा. मधली मी. आणि मी उडाले होते!"

हे आता नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचाही त्या माहितीगारासारखा गोंधळ व्हायचा. जहाजवाल्यांच्या घरात खालच्या कामाला जी बाई असेल, तिला चिमणी म्हणायचे. पहिली कधीतरी खरंच चिमणीसारखी लहानखुरी असेल. ती थकली, तेव्हा तिच्या हाताखाली मावशीला ठेवली. मावशी तेव्हाही खांद्याने रुंद, दणकट. पण बाईसाहेबांना नवीन हाक शिकायचा कंटाळा. एप्रन तोच, खाट तीच, हाक तीच. पुढे मावशीच्या जागी तिसरी आली, तीही चिमणी. घरातल्या पोराटोरांच्या दृष्टीने हाक मारली की चिमणी येते, एवढंच. नातवाने संस्थेला सांगितलं असणार, "चिमणी आमच्याकडे कायमच होती." तो खोटं बोलला नाही, हेच तर डोक्यात जातं. त्याला खरंच कळलं नव्हतं की मध्ये बायका बदलल्या.

आमच्या धंद्यात असलं चालत नाही. मुख्य नटी तापाने पडली आणि दुसरी उभी राहिली, तर पडदा उघडण्याआधी कुणीतरी पुढे येऊन तसं सांगतो. प्रेक्षक कुरकुरतात, पण त्यांना सांगावं लागतं. कारण भूमिका एक असली तरी घाम दोघींचा असतो.

आणि मावशी त्या घरातून कशी गेली, ते तर मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या लेखी माझं पहिलं नाटक तेच.

जहाजावर कप्तानाच्या जागेपासून खाली इंजिनापर्यंत बोलायची एक नळी असते. वरून फुंकलं की खाली शिट्टी वाजते, मग खालच्याने कान लावायचा. जहाजवाल्याने तसलीच पितळी नळी भोजनगृहातून स्वयंपाकघरात सोडली होती. शिट्टी वाजली की चिमणीने कान लावायचा, हुकूम ऐकायचा, धावायचं. खालून वर मात्र कुणी कधी फुंकलं नव्हतं.

त्या दिवशी एक मोठं जहाज पाण्यात उतरलं होतं आणि वर मेजवानी होती. त्याच दुपारी निरोप आला, की माझ्या आईला कळा सुरू झाल्या आहेत, घरात कुणी नाही. माझा थोरला भाऊ जन्माला येणार होता. मावशी हात पुसून वर गेली आणि बाईसाहेबांना म्हणाली, "माझी बहीण अडली आहे. मला जाऊ द्या, उद्या सकाळी येते."

बाईसाहेब आरशात बघून कानातलं घालत होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, चिमणीला कसली बहीण?"

चिडून म्हणाल्या असत्या तर मावशीने गिळलं असतं. त्या गंमत म्हणून म्हणाल्या.

मावशी खाली आली. ताटं वाढून वर पाठवली, पाण्याचे जग भरले. शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. मग मावशीने नळीला तोंड लावलं आणि सगळा जीव एकवटून खालून वर फुंकलं. वर भरल्या पंगतीत शिट्टी किंचाळली. जहाजवाल्याने स्वतः उठून नळीला कान लावला असणार, कारण खोकला त्याचा होता.

"पाणी भरून ठेवलंय," मावशी म्हणाली, "हात तुम्हालाही आहेत. माझी बहीण बाळंत होतेय. मी चालले."

एप्रन खुंटीला लावला आणि गेली. त्यानंतर आजपर्यंत त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

नट म्हणून सांगते, आत येणं सोपं असतं. दिवे तुमच्यासाठी लागलेले असतात, लोक वाट बघत असतात. कस लागतो तो जाताना. असं जाणं मी शेकडो नाटकांत शोधलं, मला सापडलं नाही. आणि या लोकांनी ते पुसून त्यावर लिहिलं काय, तर कधी उडाली नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एवढ्यात मावशीला भिंतीतली ती नळी दिसली. तोंडावर काच बसवली होती आणि खाली लिहिलं होतं, "स्वयंपाकघर व भोजनगृह यांच्यातील संवादाचे साधन".

"संवाद!" मावशीने काठी आपटली. "शिट्टी वाजली की धावत सुटायचं, याला संवाद म्हणतात? मग कुत्र्याशीही संवादच चालतो म्हणायचा."

गर्दीत कुणीतरी हसलं. माहितीगाराने केविलवाणा चेहरा करून व्यवस्थापकांना बोलावणं पाठवलं.

व्यवस्थापक तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. त्याने आम्हाला कोठीच्या खोलीत नेलं. तिथे आता त्याची कचेरी आहे. मावशीला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं. मध्ये मध्ये "वा" म्हणाला. नळीचा प्रसंग ऐकताना तर त्याचे डोळे चमकले.

"आजी, काय गोष्ट आहे! पण बघा, पाटी आता छापून झालीय. आणि लोकांना ती फार आवडते. कितीजण रडतात इथे येऊन. त्या चिमणीबद्दल आम्ही चांगलंच लिहिलंय ना?"

"मेल्या म्हशीला मणभर दूध," मावशी म्हणाली. "आणि इथे तर म्हैस जिवंत आहे. तुझ्या समोर बसलीय."

"तुमचं नाव घालायचं का? मी समितीपुढे ठेवतो."

"नाव कशाला? मला काय त्या भिंतीवर टांगून घ्यायचंय? नाव घालू नको, फोटो लावू नको. एवढंच लिही, की तिघी होत्या आणि मधली निघून गेली."

"निघून गेली असं लिहिलं तर..." त्याने शब्द शोधला. "जरा नकारात्मक वाटेल."

"कुणाला?"

त्याने विषय बदलला आणि त्याला एक कल्पना सुचली. चांगल्या मनाने सुचली, हे मी लिहून ठेवते; चांगल्या मनाने माणसं काय काय करतात ते कळावं म्हणून. तो म्हणाला, "आजी, त्यापेक्षा तुम्हीच या ना! सुट्टीच्या दिवशी तासभर. एप्रन आम्ही देतो. स्वयंपाकघरात बसायचं, लोकांशी बोलायचं. जिवंत चिमणी!"

मावशीने काठीवरची पकड बदलली. तो घाबरून माझ्याकडे वळला. "किंवा तुम्ही. तुम्ही तर रंगभूमीवरच्या. मावशींची गोष्ट तुम्ही सादर करा. ते नळीत बोलणं, एप्रन काढून ठेवणं... शेवटी तुम्ही दारातून निघून जायचं. टाळ्या पडतील!"

आता मी काय सांगू? मी म्हातारी झाले तरी नटीच आहे. कितीतरी वर्षांत मला कुणी भूमिका दिली नव्हती. क्षणभर मला ते सगळं दिसलं: एप्रनची गाठ सोडणारे माझे हात, दाराशी मागे वळायचं की नाही वळायचं. मी म्हटलं, "मावशी, निदान लोकांना कळेल तरी. मी ते नीट करीन. तुझं जाणं वाया जाणार नाही."

"रोज जाशील?"

"सुट्टीच्या दिवशी."

"आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा येशील? एप्रन घालशील?"

"प्रयोग म्हटला की..."

"मग ते जाणं कसलं गं नटवे? ते तर कामावर येणंच झालं!"

मावशीचा आवाज खाली आला. तिला ओळखणारे सांगतील की ती ओरडते तेव्हा काही बिघडत नाही. आवाज खाली आला की जपावं.

"तू म्हणशील, त्याने काय फरक पडतो? ऐक. ती फोटोतली तिसरी एकदा माझ्या खिडकीवर आली होती. घरच्यांची तिकिटं घ्यायला. मी एप्रन ओळखला. म्हटलं, तू जहाजवाल्यांकडची ना? ती म्हणाली, हो, मी चिमणी. मी म्हटलं, मीही होते. तुझ्याआधी. तर ती हसली. म्हणाली, छे, आधीची वारली ना. बाईसाहेबांनीच सांगितलं. मी म्हटलं, अगं वारले नाही, मी सोडून आले. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू ही बया थट्टा करतेय. म्हणाली, तिथून कुणी जात नाही हो. आणि तिकिटं घेऊन गेली. पुन्हा आली नाही. ती शेवटी त्याच खाटेवर वारली. तुझ्याच पाटीवर लिहिलंय तसं. तेवढं खरं आहे."

"पण आता त्या तर..."

"ती गेली. तिला मी सांगितलं, तिने मानलं नाही, कारण माझ्याआधी कुणीतरी तिला खोटं सांगून ठेवलं होतं. तेच खोटं तू भिंतीला ठोकलंस. वर उसासा टाकायला माणूस ठेवलास."

व्यवस्थापक अवघडला. मावशीला धाप लागली होती. त्याने दाराकडे तोंड करून हाक मारली, "चिमणे! जरा आजींना पाणी आण गं."

खोलीत तिघंच होतो. मी आधी मावशीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याला काही कळलंच नव्हतं. मग कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. "ते आम्ही आपलं गमतीत... सफाईला असते ती. सगळेच तसं म्हणतात. तिलाही आवडतं."

गमतीत. हाच शब्द. मला वाटलं, मावशीची काठी आता त्याच्या डोक्यात बसते. पण मावशी दाराकडे बघत होती.

एक बाई पाण्याचा पेला घेऊन आली. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हाताला साबणाचा वास. चिमणी म्हणावं असं तिच्यात काहीही नव्हतं.

"तुला आवडतं?" मावशीने तिला विचारलं.

"काय?"

"चिमणी म्हणतात ते."

तिने एकदा साहेबांकडे बघितलं. "सवय झाली," ती म्हणाली.

नेमका तेव्हाच बाहेर मोठा गट आला, आणि व्यवस्थापक असा सुटला जसा शाळेचा तास संपलेला पोरगा. जाता जाता म्हणाला, "समितीपुढे नक्की ठेवतो हं, आजी." अजून ठेवतोच आहे. पाटी आहे तशीच आहे.

ती बाई पेला परत घ्यायला थांबली होती. मावशीने पाणी प्यायलं नाही, पेला मांडीवर धरून ठेवला.

"तुला इथे कुणी सांगितलं का, की मधली एक काम सोडून गेली होती?"

"नाही बाई. त्या तर इथेच वारल्या ना? ते साहेब रोज सांगतात. मला पाठ झालंय." तिने माहितीगाराची नक्कल केली, उसाशासकट. हुबेहूब. मी मनात टाळी दिली.

"एक गेली होती."

"कोण?"

"मी."

बाईने मावशीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मला भीती वाटली, हीही हसणार. पण ती हसली नाही. तिने दार अर्धं लोटलं.

"मग खाल्लंत काय?" तिने विचारलं.

मावशीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी नळी, शिट्टी, एप्रन यांतच रमले. मावशीने त्या बाईकडे अशी नजर टाकली, जणू इतकी वर्षं हीच रांगेत यायची राहिली होती.

"पहिले काही महिने बहिणीकडे. तिच्याकडेही धड नव्हतं. लोकांचे कपडे धुतले. एका ठिकाणी तर पुन्हा चिमणीच म्हणायला लागले, तेही सोडलं. रडलेही. परत जावं असंसुद्धा वाटलं, खोटं कशाला सांगू? मग थिएटरात झाडू मारायला ठेवलं. तिथला तिकिटवाला दारू पिऊन पडायचा. एक दिवस मी त्याच्या जागी बसले आणि उठलेच नाही."

"जमलं तुम्हाला? तिकिटाचं वगैरे?"

"नाही जमलं आधी. ओरडून निभावलं."

बाई हसली. मग खालचा ओठ दाताखाली धरून काहीतरी विचार करू लागली. तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं. स्टुलावर दोरी बांधून लिहिलेलं होतं, "कृपया बसू नये". तिने दोरी बाजूला केली आणि बसली.

"बहिणीकडे किती दिवस राहिलात म्हणालात?"

मावशीने सांगायला तोंड उघडलं. बाहेरून व्यवस्थापकाची हाक आली, "चिमणे! अगं, इथे पाणी सांडलंय!"

ती मावशीकडेच बघत होती. हाक पुन्हा आली, जरा मोठ्याने.

"मी बसलेय," ती म्हणाली.